काजूगर पारखणारा प्रोग्राम स्वतःच घडू शकतो का?

प्रश्न : आमच्या कारखान्यात अख्खे गर, पाकळ्या आणि डाग पडलेले गर बायका हाताने निवडतात. छायाचित्रांतून ही पारख करणारा प्रोग्राम संगणक स्वतःच रचू शकेल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : होय. या पद्धतीला जनुकीय प्रोग्रामिंग म्हणतात आणि अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन कोझा यांच्या 1992 मधील ग्रंथामुळे ती सर्वदूर पोहोचली. कडा शोधणे, चित्र धूसर करणे, दोन चित्रांची वजाबाकी करणे अशा साध्या क्रिया संगणकाला दिल्या, की त्यांच्या यदृच्छ जोडणीतून तो शेकडो छोटे प्रोग्राम तयार करतो. त्यांतले जे डागी गर बरे ओळखतात, त्यांच्या फांद्यांची (प्रत्येक प्रोग्राम झाडासारखा मांडलेला असतो, त्याच्या तुकड्यांची) अदलाबदल करून, क्वचित एखादी क्रिया बदलून, पुढची पिढी घडते. उदाहरणार्थ, मूळ चित्रातून त्याचेच धूसर रूप वजा केले, तर गराचा सपाट पिवळसर भाग लोपतो आणि बारीक काळा ठिपका उठून दिसतो. ही जोडणी कोणी न शिकवताही सापडू शकते. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की तयार झालेला प्रोग्राम आटोपशीर असेल तर आपल्याला वाचता येतो.

मात्र काही छायाचित्रे चाचणीसाठी वेगळी राखाच, आणि कोणता गर कसा आहे याच्या खुणा निवडणाऱ्या बायकांकडूनच त्यांवर करून घ्या.