बाबांचं डीबीएस आणि काकांची पाठ: आधी कुठली टेस्ट मागायची

डिचोलीच्या ताई, तुम्ही दोन प्रश्न एकातच घातलेत म्हणून थोडं लांब लिहिते. बाबांना नऊ वर्षं पार्किन्सन, गोळीचा असर आता दोन-अडीच तासांत उतरतो आणि मधेच अंग वळवळतं, काकांचं डिस्कचं ऑपरेशन होऊनही पायात आग थांबत नाही, आणि कोणीतरी सांगितलं की दोघांनाही करंटची मशीन बसते. बसते, पण एक मेंदूत (तेच डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन) आणि दुसरी मणक्यात. आमच्या ह्यांचं डीबीएस मुंबईत झालं, त्यामुळे मेंदूचं जवळून बघितलंय, मणक्याचं तिथल्या डॉक्टरांकडून आणि वाचून समजलं तेवढं सांगते.

व्हॉट्सअ‍ॅपवर तो बटण दाबताच थरथर थांबते असा व्हिडिओ फिरतो ना, तो खोटा नाही. १९८७ साली फ्रान्समध्ये बेनाबिद डॉक्टरांनी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या खोल भागाला खूप जलद लयीत (हाय फ्रिक्वेन्सी) करंट देऊन कंप थांबवला तिथूनच आजचं डीबीएस आलं. पण बाबांचा मुख्य त्रास थरथरीचा नसून गोळी उतरण्याचा आहे, म्हणून व्हिडिओ सोडा आणि लेवोडोपा (पार्किन्सनची नेहमीची गोळी) चॅलेंज टेस्ट मागा. ह्यांची झाली तेव्हा रात्रीपासून गोळी बंद, सकाळी अगदी लाकडासारखे झालेले, खुर्चीतून उठायला दोन माणसं लागली, मूठ उघड-मीट करायला लावली, चालायला लावलं, सगळ्याचा व्हिडिओ आणि मार्क. मग नेहमीपेक्षा मोठा डोस दिला आणि तासाभराने हेच गृहस्थ कॉरिडॉरमध्ये स्वतः वळून परत आले, वर नर्सला चहा कुठे मिळतो विचारतायत! मार्कांत साधारण ३० टक्के तरी सुधारणा दिसावी अशी अपेक्षा असते. गोळीने जे सुधारतं तेच साधारण डीबीएसने सुधारतं, कंप सोडून. गोळी लागू असताना पण बाबा पडत असतील, पाय जमिनीला चिकटत असतील, बोलणं पुटपुटल्यासारखं झालं असेल किंवा विसरायला लागले असतील तर त्यावर मशीनचा उपयोग कमीच, बोलणं तर कधी जास्त बिघडतं. आणि आजार थांबत नाही, तो पुढे जातच राहतो, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

मात्र त्याआधी गोळीच्या वेळा बघा. पेज नि नुस्त्याच्या हुमणाबरोबर (माशांच्या आमटीबरोबर) गोळी घेत असतील तर प्रोटीनमुळे ती नीट लागत नाही, जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची, आमच्याकडे निम्मे वाद तिथेच मिटले.

ऑपरेशनात डोक्याला फ्रेम स्क्रूने बसवतात, बहुतेक वेळा पेशंट जागा असतो, हात हलवा, बोला असं सांगत बारीक तार खोल पोचवतात, बॅटरी गळ्याच्या हाडाखाली. रक्तस्राव, इन्फेक्शन हे धोके कमी असले तरी आहेत, ते विचाराच. सेटिंग जमायला महिने जातात, तोवर धीर धरायला लागतो, आणि साधी बॅटरी काही वर्षांनी बदलायला लागते, चार्ज होणारी जास्त टिकते पण महाग.

आता काका. त्यांच्यात स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटरचा, म्हणजे मणक्यातल्या करंटच्या मशीनचा, विचार करतात, आणि ह्याची चांगली गोष्ट म्हणजे आधी ट्रायल होते, तार मणक्यात घालून बॅटरी बाहेर ठेवून साधारण आठवडाभर घरी पाठवतात. दुखणं निम्म्याने तरी कमी झालं, झोप लागली, तरच पक्की मशीन. ट्रायल न करताच पक्की बसवू म्हणणाऱ्याकडून मी तरी उठून येईन. पायाच्या आगीला ह्याचा उपयोग जास्त, नुसत्या कमरेच्या दुखण्याला तेवढा नाही, आणि हाड सरकलेलं किंवा परत नस दाबलेली नाही ना हे एमआरआयवर आधी बघायला हवं.

पैशाचं म्हणाल तर गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य कार्डावर वर्षाला तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला २.५ लाख, त्याहून मोठ्याला ४ लाख, एकटी मशीनच त्याच्या वर जाते. म्हणून आधी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बांबोळीला न्यूरोलॉजी ओपीडी गाठा, बाहेर पाठवायचं झालं तर सरकारी मेडिक्लेम योजनेला काय काय कागद लागतील तिथेच विचारून घ्या, मुंबईची अपॉइंटमेंट नंतर. मुंबई सोडून बंगळुरूचं निम्हान्स आणि तिरुअनंतपुरमचं श्रीचित्रा ही दोन सरकारी ठिकाणंही डीबीएस करतात.

आणि मशीन बसल्यावर फिजिओवाल्याला आधीच सांगायचं, डायथर्मीचा (विजेच्या मशीनने आतपर्यंत उष्णता देणारा) शेक बिलकुल नाही, तारेतून उष्णता मेंदूपर्यंत जाते. एमआरआयही कंपनीचं कार्ड दाखवून, विचारूनच. मोपा-दाबोळी विमानतळावर सिक्युरिटीत तेच कार्ड पुढे करायचं, ते हाताने तपासून सोडतात.