रिपोर्ट येऊन 12 दिवस झालेत ना? मग आधी अपील

दादा, ‘पनीरचा नमुना कमी दर्जाचा आलाय, अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात म्हणतात सुनावणीत काय ते सांगा, तर थांबू का?’ हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. मीही असाच थांबलो होतो.

थांबू नका. अन्न विश्लेषकाच्या, म्हणजे नमुना तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञाच्या, अहवालावर अपील करायला अहवाल मिळाल्यापासून 30 दिवस असतात. ते पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे सहायक आयुक्तांकडे, फॉर्म आठमध्ये करायचं. त्यांना पटलं तर नमुन्याचा राखून ठेवलेला भाग रेफरल लॅबला, म्हणजे फेरतपासणीच्या लॅबला जातो. पाठवलाच पाहिजे असं बंधन नाही, पण अपीलच नसेल तर विषयच संपला. सुनावणीत पहिला प्रश्न ‘तेव्हा अपील का नाही केलं?’ हाच येतो.

माझं काय झालं ते ऐका. पाकीट दुकानातल्या पोऱ्याने सही करून घेतलं आणि रिकाम्या कॅनमागे ठेवलं. माझ्या हाती आलं नवव्या दिवशी. पनीरमध्ये फॅट कोरड्या भागाच्या (पाणी वगळून उरतं त्याच्या) 50 टक्के हवं, माझं 46. ऑफिसात दोन खेपा घातल्या, साहेब फिल्डवर. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, साध्या कागदावर लिहून द्या, बघतो. दिलं लिहून. पोच मागितली नाही, म्हटलं उगाच वाकड्यात कशाला शिरा. पस्तिसाव्या दिवशी तेच गृहस्थ रजिस्टरवर बोट फिरवत म्हणाले, ‘आवकला तुमचं काही दिसत नाही.’ चाळीस हजार दंड भरला, आणि दोन हॉटेलवाले तुटले ते वेगळेच. नमुना सणात नेतात, अहवाल येईपर्यंत तो माल लोकांच्या पोटात जाऊन महिना उलटलेला असतो. असो.

मी वकील नाही, अहवाल न बघता ठाम काही सांगणार नाही. पण त्यात नेमकं काय लिहिलंय ते नीट वाचा. नुसतं फॅट कमी असेल तर ‘कमी दर्जा’, दंड 5 लाखांपर्यंत होऊ शकतो. वनस्पती तेल सापडलं असेल तर मामला वेगळा, मग ते पनीर नव्हेच, ॲनालॉग, म्हणजे पनीरसारखा दिसणारा नकली पर्याय. आणि ‘असुरक्षित’ असा शेरा असेल तर दंडावर भागत नाही, थेट कोर्ट. तेव्हा मात्र वकील गाठाच.

माल बाहेरून घेता का? मग पुरवठादाराच्या बिलावर त्याचा लायसन्स नंबर आहे का बघा. माझ्याकडे कच्च्या चिठ्ठ्या होत्या, त्यामुळे तो नामानिराळा राहिला. माझं मत विचाराल तर, भावात फार स्वस्त पनीर देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आयोडीनचा थेंब टाकून निळं झालं नाही म्हणून निर्धास्त राहणारे बरेच आहेत. त्याने पिष्ट कळतं, पाम तेल नाही.

पुढच्या वेळी (येऊ नये, पण आलीच तर) नमुना घेतानाच लेखी मागणी करा, चार भागांपैकी एक मान्यताप्राप्त खासगी लॅबला पाठवा म्हणून. खर्च आपला. नंतर मागून उपयोग नाही.

आता उद्याच जा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय जिना उतरू नका. नाही म्हणाले तर तिथूनच पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा. आणि अहवालाचं पाकीट फेकलं नसेल तर जपून ठेवा, पोस्टाची तारीख त्याच्यावरच असते.