मांसपेशी नव्हे, स्नायू

प्रश्न : जाहिरातींत आणि जिममध्ये सतत ‘मांसपेशी’ कानावर येतं, शाळेत मात्र ‘स्नायू’ शिकलो. बरोबर कोणतं? आणि ‘स्नायूपेशी’ की ‘स्नायुपेशी’?

मराठीत स्नायूच. ‘मांसपेशी’ हा हिंदी जाहिरातीचं भाषांतर करताना जागचा न हललेला शब्द. हिंदीत शरीराच्या मूळ घटकाला ‘कोशिका’ म्हणतात, त्यामुळे ‘पेशी’ त्यांना स्नायूसाठी मोकळी राहिली. आपल्याकडे पेशींची ऊती, ऊतींचा अवयव, अवयवांची संस्था, असा क्रम आहे. दंडात बेटकुळी काढतो तो स्नायू हा अख्खा अवयव : त्यात असंख्य स्नायुपेशी, संयोजी ऊती, रक्तवाहिन्या, चेतातंतू. ‘व्यायामाने मांसपेशी वाढतात’ हे वाक्य मराठी माणूस ‘पेशींची संख्या वाढते’ असं वाचणार. प्रत्यक्षात वाढते ती मुख्यतः असलेल्या पेशींची जाडी.

इंग्रजी ‘मसल’ आला लॅटिनमधल्या ‘छोट्या उंदरा’वरून, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. (आपल्याला तिथे बेडूक दिसला, म्हणून बेटकुळी, एवढंच.) खरी मौज ‘स्नायू’त आहे.

संस्कृत स्नायु म्हणजे चिवट दोरी. धनुष्याची दोरीही त्याचीच. त्याच कुळातला ग्रीक ‘न्यूरॉन’. त्याचाही मूळ अर्थ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा), दोरी. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस या ग्रीक वैद्याने प्रेतं फाडून चेतातंतू वेगळे ओळखले, पण त्यांना ‘न्यूरॉन’ हे नाव जुनंच राहिलं, कारण कंडरा आणि चेतातंतू दोन्ही दिसायला पांढऱ्या दोऱ्याच. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवून मनगट किंचित वाकवा : बहुतेकांच्या मनगटावर मधोमध एक दोरी उठते. ती कंडरा. (काहींच्या हाताला ती जन्मतःच नसते, बिघडत काही नाही.) तिच्या अगदी खाली हाताची मध्य चेता, म्हणजे चेतातंतूंचा जुडगा, धावते. काचेने मनगट चिरलं की जखमेत कंडरा कुठली आणि चेता कुठली, हे आजही डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. चुकीची टोकं जोडली तर अंगठ्याची पकड आणि बोटांची संवेदना दोन्ही जातात.

आता संस्कृतनिष्ठ मंडळी सुश्रुत पुढे करतात : ‘त्याने 500 पेशी मोजल्या त्या स्नायूच, म्हणजे हिंदीच शुद्ध.’ अहो, त्याच सुश्रुताचे 900 स्नायू वेगळे आहेत! फळ्या दोरांनी बांधल्या की नाव भार वाहते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले, असं तो सांगतो. म्हणजे आपले अस्थिबंध आणि कंडरा. शिवाय हाड, पेशी, सिरा, सांधा यांपेक्षा स्नायूची इजा जास्त घातक, असंही बजावतो. सुश्रुत प्रमाण मानायचा तर ‘पेशी’ आणि ‘स्नायू’ दोन्ही त्याच्याच अर्थाने घ्या. सोयीपुरता अर्धा घेऊ नका.

माझा तर्क असा : ओढणारी दोरी आणि तिला ओढणारं मांस मराठीने एकच मानलं, म्हणून नाव दोरीवरून मांसावर सरकलं. ‘पेशी’ला संस्कृतात म्यान असाही अर्थ आहे. आवरणात बंद घटकासाठी तो शब्द निवडणाऱ्याला दाद द्यायला हवी.

हो, ऱ्हस्व-दीर्घ राहिलं. सुटा शब्द ‘स्नायू’, समासात ‘स्नायुपेशी’, ‘स्नायुबंध’. अनेकवचनही ‘स्नायू’च. बंगालीत मात्र जपून : तिथे स्नायु म्हणजे चेता, आणि ‘स्नायुयुद्ध’ म्हणजे शीतयुद्ध, कुस्ती नव्हे.