एमआरआय मशीन चालू नसताना वडिलांसोबत आत गेलं तर चालेल का?

नाही. तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत वडिलांच्या कमरेचा एमआरआय आहे, त्यांनी जन्मभर मिरकरवाड्यात बोटींचं वेल्डिंग केलंय आणि त्यांना आत एकटं सोडवत नाही. पण मशीनचा चुंबक कायम चालूच असतो, आवाज बंद असला तरी. १.५ टेस्लाचा चुंबक (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळपास तीस हजार पट. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला एक नातेवाईक असाच ओढला गेला आणि दगावला. म्हणून टेक्निशियनने तपासून परवानगी दिली तरच आत जा.

मला खरी काळजी वडिलांच्या डोळ्यांची वाटते. ग्राइंडिंग करताना उडालेला लोखंडाचा बारीक कण वर्षानुवर्षं डोळ्यात राहू शकतो, खुपतही नाही. चुंबकात तो हलला तर नजर जाऊ शकते. त्यामुळे 'डोळ्यात कधी कचरा गेला होता का' असं विचारलं की 'काय होत नाय' म्हणून उडवून लावू देऊ नका. वेल्डिंगचं काम स्वतःहून सांगा. गरज वाटल्यास ते आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतील.

पेसमेकर, स्टेंट, कानाचं मशीन, काहीही असेल तर कागद सोबत न्या. करगोटा, ताईत, औषधाची चिकटपट्टी काढायला सांगतील. आत हात एकमेकांत गुंफू नयेत, कातडी भाजू शकते. कानात बोळे घालायचेच. हातात रबरी फुगा देतात, घाबरल्यासारखं वाटलं की दाबायचा, हे त्यांना घरीच समजावून ठेवा.