अमेरिकन धावपटू हॉब्स केस्लर तिथल्या कॉलेजांच्या क्रॉस कंट्रीत (मोकळ्या मैदानातली लांब शर्यत; ती भरवणारी संघटना एनसीएए) जिंकला असता का?

माझ्या मते नाही. पहिल्या वीस-तिसात आला असता, पण जिंकणं अवघड.

पोराच्या वेगाबद्दल प्रश्नच नाही. 2021 मध्ये, शाळेत असतानाच 1500 मीटर 3:34.36 मध्ये धावला, आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये पाचवा आला. पण त्याची ताकद 800 आणि 1500 मध्ये. एनसीएएची पुरुषांची शर्यत 10 किलोमीटरची, तीही गवतावर, चढउतारांची, कधी चिखलाची. अडीचशेच्या आसपास पोरं एकदम सुटतात. पहिल्याच वळणावर कोपर लागतं, मागे अडकलात की पुढे निघता निघता दम जातो. शेवटच्या 300 मीटरची धडक तिथे कामाची, पण तोवर आघाडीसोबत टिकायला हवं ना! 2023 आणि 2024 ला जिंकलेला हार्वर्डचा ग्रॅहम ब्लँक्स इनडोअर 5000 मीटर 13 मिनिटांच्या आत धावलाय.

नॉर्वेचा धावपटू याकोब इंगेब्रिग्त्सन असता तर गोष्ट वेगळी. तोही 1500 वाला, पण 21 व्या वर्षीच युरोपियन क्रॉस कंट्री जिंकला होता.

अर्थात हे सगळं जर-तर. केस्लरने 2021 मध्येच व्यावसायिक धावपटू म्हणून आदिदासशी करार केला, तिथेच त्याची कॉलेज शर्यतींची दारं बंद झाली.