लेनियरवर ऑक्टोबरात बास मासा कुठे शोधायचा

अटलांटाला आलास, रॉडही घेतलास, छान. पण लेक लेनियर म्हणजे गावचं तळं नव्हे. जवळपास 38,000 एकर पाणी आहे. कोकणात गरवायला बसतो तसा एकाच खडकावर ठाण मांडलंस तर दिवस फुकट.

मासा शोधू नकोस, त्याचं खाणं शोध. पाणी थंडावू लागलं की शॅड या छोट्या माशांचे थवे ओढ्यांच्या फाट्यांत शिरतात. हेरिंग हा दुसरा छोटा मासा मात्र बरेचदा उघड्या पाण्यातच फिरतो आणि इथला स्पॉटेड बास त्याच्या मागावर. म्हणून पाण्याखालच्या उंचवट्यांवर, 20-25 फुटांवर बुडवलेल्या झुडपांवरून टॉपवॉटर लूर (पाण्यावर तरंगणारं खोटं आमिष) चालव. बास खालून उसळतो. पाणी फुटताच हिसका देऊ नकोस, आधी वजन जाणवू दे. (मी पहिल्या वर्षी असेच कितीतरी घालवले.)

पुढे थंडी वाढली की वरचं गार पाणी जड होऊन बुडतं आणि तळाचं, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर मिसळतं. गढूळपणा किंवा कुजका वास आला की सरळ चॅटाहूची नाहीतर चेस्टटी नदीच्या वरच्या अंगाला जा, तिथे प्रवाह असतो.

आणि हो, लायसन्स काढ. जॉर्जिया राज्यात 16 वर्षांपासून लागतं.