कॅलेंडर गच्च, दिवस विस्कटलेला

प्रश्न : मी घरूनच जीएसटी आणि हिशेबाची कामं करते. मोबाइलच्या कॅलेंडरवर दिवसाचा अर्धा अर्धा तास आखते, तरी दुपारी बारालाच सगळं कोलमडतं. ग्राहकांचे फोन थांबत नाहीत. काय चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला माझंच जुनं कॅलेंडर आठवलं. एस.टी.चं वेळापत्रकही इतकं गच्च नसतं!

आपल्या धंद्यात महिन्याच्या तारखा ठरलेल्याच. ७ ला टीडीएसचा (पैसे देताना कापून ठेवलेल्या कराचा) भरणा, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचं ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), २० ला ३बी (महिन्याच्या जीएसटीचा गोषवारा आणि भरणा). मी कॅलेंडरात शेवटची तारीख टाकतच नाही. टाकते ते आधीचे दिवस : ८ आणि ९ ला सकाळी १० ते १, ‘विक्रीची बिलं जुळवणे’. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत. ऐन तारखेला पोर्टल कसं रखडतं, ते तुम्हाला काय सांगायचं!

फोनसाठी रोज १ ते १.३० आणि ५ ते ६. ग्राहकांना तसं व्हॉट्सअ‍ॅपवर कळवून टाका. महिनाभर कुरकुरतील. माझा एक किराणावाला अजूनही भर जेवणात “मॅडम, एकच मिनिट” म्हणतो. त्याच्या नावाची २० मिनिटं मी संध्याकाळी कोरीच ठेवलीत.

आणि कामाचा वेळ अंदाजाने लिहू नका, आठवडाभर घड्याळ लावून बघा. बँकेच्या नोंदींशी हिशेबाची जुळवणी मला अर्ध्या तासाची वाटायची. निघाली ८० मिनिटांची.